लष्करातून आलेला सूर

ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली दक्षिणेच्या मैदानात १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेने तळ दिला आणि तो तळ पुन्हा उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, घोड्यांच्या पागांच्या जागी बाजार आले, आणि शहराचं नाव मात्र लष्करच राहिलं. या लष्करातल्या पेठांची नावं वाचत गेलं की मराठी दरबाराची यादीच वाचल्यासारखं होतं: दौलतगंज, फालके बाजार, पाटणकर बाजार, शिंद्यांची छावणी. त्यातच खासगी बाजार. ‘खासगी’ हा मराठी कारभारातला जुना शब्द. राज्याचा खर्च दौलतीच्या खात्यातून चाले आणि घराण्याचा, देवधर्माचा, दानाचा खासगीतून. अशा नावाच्या पेठेत आणि तिच्या आजूबाजूला कोकणातून, देशावरून, बुंदेलखंडातून आलेली मराठी घरं पिढ्यानपिढ्या राहत आली. कारकून, शास्त्री, कीर्तनकार, वैद्य, शिलेदार आणि गवई.

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण सांगली, पुणे, मुंबई, फार तर बडोदा आणि इंदूर या गावांतून सांगतो. तो चुकीचा नाही. पण ज्या गाण्याने ही रंगभूमी पन्नास वर्षं जगली, त्या गाण्याचा एक मोठा उगम या लष्करात आहे, आणि त्याची आठवण नाटकाच्या इतिहासात ओझरती येते. मला ती नीट सांगायची आहे. त्यासाठी आधी नाटकवाल्यांच्या बोलीकडे पाहायला हवं, कारण कोण कुठून आलं याचा हिशेब त्या बोलीत शिल्लक राहिला आहे.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्यापुढे ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या नाटकातले शब्द बहुतेक संस्कृतातले होते: सूत्रधार, विदूषक, नांदी, मंगलाचरण. आधी गणपती यायचा, मग मोरावर बसून सरस्वती यायची, आणि सूत्रधार सगळ्या पात्रांची पदं स्वतः म्हणायचा. नट भाषणं आयत्या वेळी रचायचे. राक्षस आरडाओरडा करत शिरायचे. त्या आरोळीवरून पुढे या नाटकांना ‘अललडुर्र’ असं नावच पडलं. १८५३ मध्ये भाव्यांची मंडळी मुंबईला गेली आणि ग्रँट रोडच्या थिएटरात खेळ झाला. जगन्नाथ शंकरशेटांच्या आधाराने उभं राहिलेलं ते थिएटर इंग्रजी धाटणीचं होतं. तिथून आपल्या नाटकात चित्रं काढलेले पडदे आले, विंगा आल्या, सीन आला, ड्रॉप आला, तिकीट आलं. पौराणिक नाटकानंतर छोटा विनोदी खेळ करायची चाल पडली, त्याला ‘फार्स’ म्हणू लागले.

कॉलेजात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांनी शेक्सपिअर वाचला, आणि वाचून त्यांना नाटक म्हणजे लिहून काढलेली, घोकून पाठ केलेली गोष्ट असते हे कळलं. विनायक जनार्दन कीर्तन्यांनी १८६१ मध्ये ‘थोरले माधवराव पेशवे’ लिहिलं. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’ मराठीत आणला, आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं. अशा छापील पुस्तकावरून केलेल्या नाटकांना लोक ‘बुकिश’ नाटकं म्हणत. शाळेत इंग्रजीचे धडे गिरवणाऱ्या एका पिढीने भाषेबरोबर रंगमंचही शिकून घेतला. नट ‘पार्ट’ करू लागला, बायकांची कामं करणारा ‘स्त्रीपार्टी’ झाला, राक्षसाचा ‘राक्षसपार्टी’ झाला, आणि आवडलेल्या पदाला प्रेक्षक ‘वन्समोर’ ओरडू लागले. शेवटचा शब्द तर असा पचला की पदाने किती वन्समोर घेतले यावर नटाचं मोल ठरू लागलं.

पण वन्समोर मिळवणारं पद ज्या शब्दांनी घडत होतं, ते शब्द सांगलीचेही नव्हते आणि इंग्रजीतलेही नव्हते. चीज, बंदिश, अस्ताई, मुखडा, तान, ठेका, साथ, साजिंदे, तालीम. हे शब्द उत्तरेकडून, गवयांच्या तोंडून आले.

त्या गवयांकडे वळण्याआधी बुंदेलखंडातल्या एका मराठी राजाची आठवण काढायला हवी. ग्वाल्हेरहून दक्षिणेला झाशी लागते. तिथले गंगाधरराव नेवाळकर, राणी लक्ष्मीबाईंचे पती, नाटकाचे मोठे शौकीन होते. ते स्वतः स्त्रीवेश घेत असं सांगतात. १८५३ मध्ये ते वारले. म्हणजे सांगलीला भाव्यांचे खेळ सुरू होते, त्याच दशकात उत्तरेतल्या एका मराठी गादीवरही रंग चढवून उभं राहण्याची हौस होती. झाशीच्या त्या दिवसांची हकिगत आपल्याला कळते ती वरसईच्या विष्णुभट गोडश्यांच्या ‘माझा प्रवास’मधून. दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, या आशेने ते १८५७ मध्ये ग्वाल्हेरकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचं हे लिखाण १९०७ मध्ये छापून आणलं ते चिंतामणराव वैद्यांनी, आणि हे वैद्य ग्वाल्हेर संस्थानच्या न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर राहून आलेले. उत्तरेतल्या मराठी माणसाचा इतिहास असा एकमेकांत गुंतलेला आहे; एक धागा ओढला की दुसऱ्या टोकाला बहुधा लष्करच असतं.

आता गाण्याकडे.

ख्यालाची ग्वाल्हेर परंपरा नत्थन पीरबक्षांच्या घरातली. त्यांचे नातू हस्सू खाँ आणि हद्दू खाँ. दौलतरावांच्या दरबारात त्या वेळी बडे महंमद खाँ हे गवई होते, तानेचे बादशहा. ती तान आपल्या घरच्या पोरांना यावी म्हणून महाराजांनी या दोघा भावांना पडद्याआड बसवून महंमद खाँचं गाणं ऐकवलं, आणि बऱ्याच महिन्यांनी भर दरबारात त्यांनी ते जसंच्या तसं गाऊन दाखवलं. संतापलेले महंमद खाँ दरबार सोडून गेले. ही गोष्ट घराण्यातले लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. तिच्यातला कोणता तपशील खरा, कोणता रंगवलेला, हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. त्या काळी विद्या किती बंदिस्त होती आणि तिच्यासाठी माणसं काय करायला तयार होती, एवढं ती चोख सांगते.

या बंदिस्त विद्येचं दार ग्वाल्हेरला मराठी मुलांसाठी उघडलं, ही या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना. हस्सू खाँनी वासुदेवबुवा जोशी, बाबा दीक्षित, देवजीबुवा अशा ब्राह्मण शिष्यांना शिकवलं. हे शिष्य घराण्याबाहेरचे, धर्माबाहेरचे, आणि तरीही गाणं त्यांच्या हाती पूर्ण आलं. पुढच्या पिढीत याच घराण्यातले निसार हुसेन खाँ जयाजीराव शिंद्यांच्या दरबारात होते. १८८६ मध्ये जयाजीराव गेले आणि खाँसाहेबांचा दरबारी आश्रय सुटला, तेव्हा ते लष्करात शंकरराव पंडितांच्या घरी राहायला आले. मुसलमान उस्ताद आणि ब्राह्मणाचं घर. त्या घरात शंकरराव, एकनाथ पंडित आणि नंतर शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव गाऊ लागले. उस्तादाला घरात ठेवून घेणं ही त्या काळात साधी बाब नव्हती. त्या एका बिऱ्हाडामुळे ग्वाल्हेरचं गाणं मराठी कंठात मुक्कामाला आलं.

दक्षिणेतून मुलं येऊ लागली. मिरजेजवळच्या बेडगचे बाळकृष्णबुवा, पुढे इचलकरंजीकर म्हणून नावाजलेले, आधी धारला देवजीबुवांकडे राहिले आणि नंतर वासुदेवबुवांचे शिष्य झाले. शिकून ते महाराष्ट्रात परतले, मिरजेला आणि मग इचलकरंजीला स्थिरावले, आणि ख्याल दख्खनमध्ये रुजला. विष्णु दिगंबर पलुसकर, अनंत मनोहर जोशी, मिराशीबुवा ही त्यांची शिष्यमंडळी. त्यांच्यानंतरच्या पिढीत सावंतवाडी संस्थानातल्या वझऱ्याचा एक मुलगा असाच गाण्याच्या शोधात घराबाहेर पडला. पुणे, मुंबई, इंदूर, उज्जैन, काशी अशी भटकंती करत तो ग्वाल्हेरला पोचला आणि निसार हुसेन खाँच्या पायाशी बसला. ते रामकृष्णबुवा वझे. मधुकरी आणि अन्नछत्र यांच्या बळावर पोट भरायचं, उस्तादाची पडेल ती सेवा करायची, आणि मिळेल ती चीज गाठीला बांधायची, असं त्यांचं शिक्षण. संस्थानी गावांतल्या मराठी वस्त्यांचा मोठा उपयोग हाच होता. दक्षिणेतून आलेल्या अनोळखी विद्यार्थ्याला आपली भाषा बोलणारं दार तिथे सापडे. लष्करातल्या पेठांनी अशा किती मुलांना जेवू घातलं असेल, त्याची नोंद कुणी ठेवली नाही.

इकडे पुण्यात १८८० च्या ३१ ऑक्टोबरला अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगमंचावर आणले. पारशी मंडळींचं ‘इंद्रसभा’ पाहून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. त्यांनी एक मूलगामी बदल केला: सूत्रधाराच्या गळ्यातलं गाणं काढून पात्राच्या गळ्यात घातलं. शकुंतलेचं दुःख शकुंतला गाऊ लागली. तरी सुरुवातीच्या चाली ओळखीच्या होत्या. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातली पदं, काही कर्नाटकी चाली. ‘सौभद्र’ १८८२ चं. त्यातही हेच मिश्रण आहे, आणि भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजाने ते गावोगाव पोचलं.

संगीत नाटकांची जुनी पुस्तकं ज्यांनी हाताळली आहेत त्यांना एक गोष्ट आठवेल. प्रत्येक पदाच्या माथ्यावर बारीक अक्षरात राग, ताल आणि ‘चाल’ छापलेली असते. चाल म्हणजे ज्या मूळ गाण्यावर पद बेतलं, त्याचे पहिले एक-दोन शब्द. नाटककार पद लिहायला बसे तेव्हा गवई त्याला चीज म्हणून दाखवी, आणि तिच्या मात्रांवर, तिच्या लघुगुरूंवर शब्द बसवावे लागत. ही ‘चाल’ची ओळ मला मराठी नाट्यसंगीताचा सगळ्यात प्रामाणिक दस्तऐवज वाटते. १८८० च्या सुमाराची पुस्तकं पाहा, चालीच्या जागी मराठी पदं आणि लावण्या दिसतील. तीस-पस्तीस वर्षांनंतरची पाहा, तिथे ब्रज भाषेतल्या बंदिशींचे मुखडे रांगेने उभे आहेत. ज्या वाचकाला ब्रज कळत नव्हती, जो कधी नर्मदेपलीकडे गेला नव्हता, तो काही आण्यांचं पुस्तक घेऊन घरी ते शब्द गुणगुणत होता. उस्तादांनी जिवापाड जपलेल्या चिजा अशा शाळामास्तरांच्या आणि कारकुनांच्या ओसरीवर येऊन बसल्या.

हा पालट एका माणसाने केला नाही. गोविंदराव टेंब्यांनी १९११ मध्ये ‘मानापमान’ला चाली दिल्या तेव्हा ठुमरी आणि ख्याल थाटाने रंगभूमीवर आले. भास्करबुवा बखल्यांनी ‘विद्याहरण’ आणि त्यानंतर १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ सजवलं, आणि रुक्मिणीच्या तोंडी थेट मैफलीचं गाणं दिलं. भास्करबुवा मुळात किर्लोस्कर मंडळीतले बालनट. आवाज फुटल्यावर नाटक सुटलं आणि त्यांना खरी विद्या शोधावी लागली. बडोद्याला फैज महंमद खाँकडे ते शिकले. हे फैज महंमद खाँ ग्वाल्हेर परंपरेतले. पुढे आग्र्याचे नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडूनही त्यांनी घेतलं, पण पाया ग्वाल्हेरचा होता. त्या पायावर बालगंधर्व उभे राहिले. बालगंधर्वांच्या गळ्याचं कौतुक करताना आपण थकत नाही. त्या गळ्यात कुणाची विद्या कोणत्या वाटेने उतरली, हे मात्र सांगायचं राहून जातं.

आणि मग तो वझऱ्याचा मुलगा. वझेबुवा ग्वाल्हेरहून परतले तेव्हा त्यांच्या पोतडीत अनवट रागांच्या चिजा होत्या. ललितकलादर्श नाटक मंडळीच्या केशवराव भोसल्यांना आणि बापूराव पेंढारकरांना त्यांनी शिकवलं, बळवंत संगीत मंडळीच्या दीनानाथ मंगेशकरांना शिकवलं. वीर वामनराव जोश्यांचं ‘रणदुंदुभी’ १९२७ चं, सावरकरांचं ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ चं. दोन्हींच्या चाली वझेबुवांच्या. नाटकातला राष्ट्राभिमान गर्जायचा असेल तर त्याला आवाजाचा वेगळा बाज हवा होता. वझेबुवांची जोरकस, तुटक, वळणावळणाने जाणारी तान आणि दीनानाथांचा धारदार गळा यांनी तो बाज दिला. बालगंधर्वांचा लडिवाळपणा एका टोकाला आणि हे दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही टोकांच्या मुळाशी थोडं थोडं ग्वाल्हेर आहे.

बाळकृष्णबुवांच्या शाखेतून तर गवईच नट होऊन आले. मिराशीबुवा अनेक वर्षं नाट्यकलाप्रवर्तक मंडळीत गायकनट होते. पलुसकरांचे शिष्य विनायकराव पटवर्धन १९२२ मध्ये गंधर्व नाटक मंडळीत शिरले आणि दहा वर्षं बालगंधर्वांसमोर नायकाची कामं केली. पलुसकरांची शिस्त कडक. गाणं देवळातल्या पूजेसारखं पवित्र राखायचं, असा त्यांचा आग्रह. त्यांच्याच शिष्याने चेहऱ्याला रंग लावून उभं राहावं, यावर त्या वर्तुळात कुजबूज होणं स्वाभाविक होतं. पण मला विनायकरावांच्या त्या दहा वर्षांची किंमत फार मोठी वाटते. मैफलीला शे-दोनशे माणसं बसत. नाटकाला हजारभर बसत, त्यांत मैफलीत पाऊल न टाकणारी माणसं असत, आणि काही खेळांना बायकाही असत. ख्याल त्या सगळ्यांपर्यंत गेला.

कंपनीच्या बिऱ्हाडात नव्या नटाला घडवणाऱ्या माणसाला ‘तालीममास्तर’ म्हणत. देवलांसारखा नाटककार तालीममास्तर असला तर पोरांना उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचा, वाक्य कुठे तोडायचं, हे सगळं आधी म्हणून, मग करून दाखवलं जाई. ग्वाल्हेरला उस्तादासमोर बसून जी घेतात, तीही तालीमच. तिथेही पाठ म्हणायचा, चुकला की पुन्हा म्हणायचा, आणि पुस्तक कुणाच्याही हातात नसायचं. रंगभूमीने गवयांकडून चिजा घेतल्या तशी ही शिकवण्याची रीतही घेतली. पहाटे पेटीवर सूर धरून बसायचं, दुपारी गद्याची तालीम, रात्री खेळ. लहान वयात कंपनीत आलेल्या कित्येक मुलांची शाळा तीच होती.

याच काळात लष्करात कवी भास्कर रामचंद्र तांबे राहत होते. ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावलीचा त्यांचा जन्म, १८७३ चा. ग्वाल्हेरचे राजकवी म्हणून त्यांची अखेरची वर्षं गेली आणि १९४१ मध्ये ते तिथेच वारले. इंग्रजी कवितेचं वाचन दांडगं, ब्राउनिंगकडे विशेष ओढा. एखादी व्यक्ती एका प्रसंगात उभी करून तिच्याच तोंडून सगळी कविता बोलवायची, ही ब्राउनिंगची रीत त्यांनी मराठीत आणली, आणि तिला ‘नाट्यगीत’ हे नाव मराठीत रूढ झालं. नाटक कंपनीशी संबंध नसलेला हा कवी, पण किर्लोस्करांनी जे रंगमंचावर केलं तेच त्याने कागदावर केलं. बोलणारा कवी बाजूला झाला आणि पात्र स्वतः गाऊ लागलं. ज्या गावात मराठी बोलणं, इंग्रजी वाचणं आणि ब्रजमधली अस्ताई ऐकणं एकाच दिवसात घडत होतं, त्या गावात ही कविता लिहिली गेली हे मला अगदी सहज वाटतं.

कृष्णराव पंडितांनी १९१४ मध्ये वडिलांच्या नावे संगीत विद्यालय काढलं. माधवराव शिंद्यांनी भातखंड्यांच्या हातून १९१८ मध्ये माधव संगीत महाविद्यालय सुरू करवलं आणि राजाभैया पूछवाल्यांसारख्या घरच्या गवयांनी तिथे शिकवलं. पडद्याआड बसून चोरावी लागलेली विद्या शंभर वर्षांत फळ्यावर लिहिली जाऊ लागली.

बोलपट आला आणि नाटक कंपन्या एकेक करून मोडल्या. कर्ज, वय झालेले स्त्रीपार्टी, बदललेली आवड, सगळं एकदम आलं. विनायकरावांनी १९३२ मध्ये कंपनी सोडून पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. मिराशीबुवाही शिकवण्याकडे वळले. ज्या गाण्याने नाटक मोठं केलं होतं ते पुन्हा गुरुकुलात गेलं.

लष्करात मात्र हौशी मराठी नाटक टिकलं. दालबाजारात आर्टिस्ट कम्बाइन या संस्थेचं नाट्यमंदिर आहे, आणि महाराष्ट्रापासून इतक्या दूर एखाद्या नाट्यसंस्थेचं स्वतःचं रंगमंदिर असावं ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या नाटकवाल्यांनी मान खाली घालून ऐकावी इतकी मोठी आहे. घरात मराठी, शाळेत आणि बाजारात हिंदी, अशा मुलांना नाटकाच्या तालमीत मराठीचं ऱ्हस्व-दीर्घ आणि वाक्याचा डौल पुन्हा सापडतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांमध्ये नाटक हे करमणुकीइतकंच भाषा राखण्याचं साधन राहिलं आहे.

१९६७ च्या डिसेंबरात नाट्यसंपदा या नाट्यसंस्थेने पुरुषोत्तम दारव्हेकरांचं ‘कट्यार काळजात घुसली’ आणलं. जितेंद्र अभिषेकींच्या चाली, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. दोन घराण्यांची चुरस, विद्या न देणारा उस्ताद, ती चोरून घेणारा ब्राह्मण मुलगा. कथा काल्पनिक, गाव काल्पनिक. पण ज्यांना हस्सू-हद्दूंची गोष्ट आणि निसार हुसेन खाँचं पंडितांच्या घरातलं वास्तव्य ठाऊक होतं, त्यांना हे जग कल्पनेतलं वाटलं नसणार. नाट्यसंगीत संपलं असं म्हटलं जात असताना या नाटकाने पुन्हा घरंदाज गाण्यासाठी लोकांना तिकिटाच्या रांगेत उभं केलं. वसंतराव पुढे अनेक उस्तादांकडे शिकले, पण त्यांचं पहिलं शिक्षण नागपूरला शंकरराव सप्र्यांकडे झालं होतं. सप्रे पलुसकरांचे शिष्य, पलुसकर बाळकृष्णबुवांचे, बाळकृष्णबुवा वासुदेवबुवांचे, आणि वासुदेवबुवा हस्सू खाँचे.